शेजारच्या शेडमधला वेल्डर शोधताना: लहान कारखान्यांचा सामायिक माहितीकोश कसा उभारायचा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपला शनिवारी संध्याकाळी स्टेनलेस पाइपाचं काम येतं आणि नेमका त्यांचा आर्गनवाला (आर्गन वायूवर टिग वेल्डिंग करणारा) लग्नाला भंडाऱ्याला गेलेला असतो. चार गेट पलीकडे तसाच माणूस मोकळा बसलेला असतो, पण ते कोणाला ठाऊक नसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आर्गनवाला आहे का कोणाकडे’ असा निरोप पडतो आणि सकाळपर्यंत सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. माहितीचंही तसंच. पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड ओलावतात आणि जोडात छिद्रं पडतात. एक युनिट हे दोन पावसाळे माल नापास होऊन शिकतं, आणि शेजारचं युनिट तिसऱ्या पावसाळ्यात पहिलीपासून सुरुवात करतं.

चार ते सहा युनिटं आणि सगळी मिळून शंभर-दीडशे माणसं असतील, तर यावर साधा, फुकट सॉफ्टवेअरवर चालणारा उपाय करता येतो. त्याचे भाग दोन: कोणाला काय येतं याची नोंद, आणि काम कसं करायचं याची पानं. सॉफ्टवेअर बसवायला एक दिवस पुरतो. उरलेले महिने दोन प्रश्नांत जातात. कोणाला काय दिसणार? आणि वेल्डरने त्याच्या शब्दांत शोधलं तर सापडणार का? या दोन ठिकाणी चूक झाली की तीन महिन्यांत कोणी तिकडे फिरकत नाही.

सर्व्हरच्या आधी एक कागद

मालकांना सॉफ्टवेअरची भीती नसते, माणसं पळवली जाण्याची असते. ती मनात ठेवून कोणी खरी माहिती भरत नाही, म्हणून आधी एका पानाचा करार करा. त्यात चार गोष्टी पुरतात.

पहिली, काय टाकायचं नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग, ग्राहकाचा पार्ट नंबर, दर आणि कोटेशन या गोष्टी कोशात नकोत. बहुतेक मोठे ग्राहक ड्रॉइंगसोबत गोपनीयतेची अट घालतात, आणि ती मोडली तर तंटा ग्राहकाशी होतो, शेजाऱ्याशी नाही. फोटोकडे विशेष लक्ष द्या. जोडाचा फोटो काढताना मागे टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग आणि त्याची टायटल ब्लॉक (ग्राहकाचं नाव-नंबर असलेली चौकट) हमखास येते.

दुसरी, माणसाशी संपर्क कसा करायचा. नोंदीत कामगाराचा मोबाइल नंबर ठेवू नका. युनिटच्या सुपरवायझरचा ठेवा. ‘या यादीतल्या माणसाला आधी त्याच्या युनिटमार्फत विचारायचं’ हा यादी वापरण्याचा नियम झाला, तो लिहा. ‘हा माणूस दुसरीकडे नोकरी करणार नाही’ असं मात्र लिहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. असं वाक्य घातल्याने मालकाला खोटा दिलासा मिळतो, दुसरं काही नाही.

तिसरी, कामगाराची संमती. आपल्या माणसाचं नाव आणि कौशल्य दुसऱ्या कंपन्यांना दाखवणं म्हणजे वैयक्तिक माहिती वाटणं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय आहे, आणि संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं अशी अट आहे. तेव्हा पाच ओळींची मराठी सूचना करा. कोणती माहिती, कोणाला दिसेल, कशासाठी, आणि नाव काढायचं तर कोणाला सांगायचं, एवढं त्यात हवं. शॉपवर हिंदीच चालणारी माणसं बरीच असतात, त्यांच्यासाठी हिंदीत तीच सूचना ठेवा. सही घेण्याआधी वाचून दाखवा.

चौथी, बाहेर पडायची वाट. तिच्याबद्दल शेवटी.

कोणतं सॉफ्टवेअर

पर्याय बरेच आहेत. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी भक्कम आहे, पण ते सगळ्यांना सगळं दिसावं या कल्पनेवर उभं आहे. ‘हे पान फक्त या युनिटला’ अशी वाचनबंदी त्यात भरवशाने होत नाही, हे त्याचे बनवणारेच सांगतात. अनेक मालकांच्या कोशाला ते चालणार नाही. डोकूविकीला डेटाबेस लागत नाही, सगळं साध्या फाइलींत राहतं, म्हणून बॅकअप सोपा. पण त्यात मराठी शीर्षकांचा एक सापळा आहे. मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव सांकेतिक रूपात साठवलं जातं आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ९ बाइट खातं. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून २७ चिन्हांतच शीर्षक संपतं. फाइलनाव यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची प्रचलित पद्धत) मध्ये ठेवायचं सेटिंग केलं की एका चिन्हाला ३ बाइट लागतात आणि मोकळीक तिप्पट होते. हे पहिल्याच दिवशी करावं, कारण पानं भरल्यावर बदललं तर जुन्या फाइली सापडेनाशा होतात. मूडल हे अभ्यासक्रम आणि परीक्षेसाठी चांगलं, पण ‘रॉड किती तापवायचा’ एवढंच पाहायला आलेल्या माणसाला ते जड जातं.

आमची पसंती बुकस्टॅक. ते मुक्त परवान्याचं आहे, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालतं. रचना सगळ्यांना कळेल अशी: कपाट, पुस्तक, प्रकरण, पान. शाळेत गेलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. पुढचं सगळं त्याला धरून.

बसवताना

२ जीबी मेमरी आणि २ कोअरचा भाड्याचा सर्व्हर या आकाराला भरपूर होतो. ऑफिसच्या कोपऱ्यात जुना पीसी ठेवून काम भागवायचा मोह होईल. नागपूरचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश, रविवारी केबिनचा एसी बंद, आणि पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली. हार्ड डिस्कला हे मानवत नाही. शिवाय एका युनिटच्या केबिनमधला सर्व्हर म्हणजे बाकी मालकांच्या मनात कायमची शंका. सर्व्हर आणि डोमेन शक्यतो सामायिक खात्यावर, सामायिक ईमेलवर घ्या. एखाद्या मालकाच्या भाच्याच्या नावावर घेतलेलं डोमेन तो पुण्याला गेला की नूतनीकरणाविना सुटतं.

बसवण्याची कृती सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत आहे, ती इथे उतरवत नाही. चुका जिथे होतात तेवढं सांगतो.

नवीन बसवलेल्या बुकस्टॅकचं ॲडमिन खातं आणि पासवर्ड जगजाहीर असतात. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही बदला आणि ॲडमिनला दुहेरी पडताळणी लावा. खुली नोंदणी बंद ठेवा.

साइटचा पत्ता सेटिंग फाइलमध्ये अगदी तंतोतंत, सुरुवातीच्या एचटीटीपीएससह लिहा. इथे चूक असली तर लॉगिन होतं पण फोटो दिसत नाहीत. पुढे डोमेन बदलावं लागलं तर फक्त ही ओळ बदलून चालत नाही, साठवलेल्या पानांतले पत्तेही बदलावे लागतात. त्यासाठी वेगळी आज्ञा दिलेली आहे.

फोटो चढवण्याची मर्यादा तीन ठिकाणी असते. मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा असतो. एनजिनएक्स (साइट पुरवणारा वेब सर्व्हर) मुळात १ एमबी घेतं, पीएचपी २ एमबीची फाइल घेतं, आणि बुकस्टॅकची स्वतःची मर्यादा ५० एमबी. एकच बदलली तर फोटो चढत नाही आणि कामगार पुन्हा व्हॉट्सॲपकडे वळतो. एनजिनएक्स आणि पीएचपी दोन्हीकडे २० एमबी ठेवा. पीएचपीत फाइलची आणि पूर्ण विनंतीची अशा दोन वेगळ्या मर्यादा असतात, दोन्ही वाढवा.

डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ८-एमबी-४ निवडा. देवनागरी जुन्या तीन बाइटच्या यूटीएफ८ मध्येही मावते, पण कोणी पानात अंगठ्याची इमोजी टाकली की तिला चार बाइट लागतात आणि पान जतन होताना अडतं.

पीडीएफ हा मराठीतला जुना दुखणेकरी. बुकस्टॅक मूळात ज्या घटकाने पीडीएफ काढतं, त्याला जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडता येत नाहीत. ‘वेल्डिंग’ची वेलांटी भलतीकडे जाते. सेटिंगमध्ये पीडीएफसाठी बाहेरची आज्ञा देण्याची सोय आहे. तिथे वीझीप्रिंट हे पीडीएफ काढणारं सॉफ्टवेअर जोडा आणि सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट बसवा. फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन छापले जातात. शॉपवर पानं छापून प्लास्टिकच्या पाकिटात लावायची असतात, तेव्हा हे आधीच तपासा.

कोणाला काय दिसणार

प्रत्येक युनिटसाठी एक भूमिका (परवानग्यांचा गट) तयार करा: ‘युनिट क’, ‘युनिट ख’ अशी. त्यावर ‘संपादक’ ही वेगळी भूमिका. शॉपवरच्या टॅबलेटसाठी फक्त वाचन करणारं एक सामायिक खातं प्रत्येक युनिटला द्या. लिहिणारं खातं मात्र कधीच सामायिक नको. कोणी काय बदललं हे नंतर कळलंच पाहिजे. एका माणसाला दोन भूमिका दिल्या तर सहसा जास्त मोकळी असलेली लागू होते, म्हणून भूमिका कमीत कमी द्या.

रचना अशी ठेवा. ‘सामायिक’ कपाटात सगळ्यांनी वाचायची पुस्तकं: वेल्डिंग, मशीनिंग, सुरक्षितता, देखभाल. आणि प्रत्येक युनिटचं स्वतःचं एक बंद पुस्तक, ज्यात त्यांना आपल्यापुरतं लिहायचं ते लिहिता येईल. हे बंद पुस्तक महत्त्वाचं आहे. माणूस आधी घरात लिहितो, मग दोन महिन्यांनी ‘यात लपवण्यासारखं काही नाही’ म्हणून स्वतःच ते पान सामायिकमध्ये हलवतो. बंद जागा दिली नाही तर ते लिहिलंच जात नाही.

आता चार सापळे. पहिला: कपाटाला लावलेली परवानगी आतल्या पुस्तकांना आपोआप लागत नाही, कारण एक पुस्तक अनेक कपाटांत असू शकतं. कपाट बंद केलं म्हणजे आतलं बंद झालं असं समजून लोक फसतात. बंदी पुस्तकावर लावा. पुस्तकावर लावलेली बंदी प्रकरणांना आणि पानांना लागते.

दुसरा: बंद पुस्तक करताना आपल्या भूमिकेला ‘पाहणे’ देऊन थांबू नका. ‘बाकी सर्व’ या ओळीतली वारशाची (मूळ परवानग्या आपोआप लागू करणारी) खूण काढून तिथले सगळे चौकोन रिकामे ठेवा. ते राहिलं की पुस्तक सगळ्यांना दिसतच राहतं.

तिसरा आणि सगळ्यात घातक: फोटो. मूळ सेटिंगमध्ये पानातले फोटो सार्वजनिक फोल्डरमध्ये जातात. पान बंद असलं तरी फोटोचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला तो लॉगिनशिवाय उघडतो. साठवणुकीच्या सेटिंगमध्ये ‘लोकल सिक्युअर’ निवडलं तर लॉगिन लागतं, ‘लोकल सिक्युअर रिस्ट्रिक्टेड’ निवडलं तर पानाच्या परवानगीप्रमाणेच फोटो दिसतो. दुसरा पर्याय घ्या, आणि पहिला फोटो चढण्याआधी घ्या. जोडलेल्या फाइलींना हा धोका नसतो.

चौथा: ॲडमिनला सगळं दिसतं, बंद पुस्तकंसुद्धा. म्हणून ॲडमिन कोणत्याही एका युनिटचा माणूस नसावा. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातले एखादे निदेशक तयार असतील तर उत्तम, नाहीतर महिन्याला ठरावीक मानधन देऊन बाहेरचा माणूस घ्या. परवानग्या लावून झाल्या की प्रत्येक मालकाला समोर बसवून दुसऱ्या युनिटच्या खात्याने लॉगिन करून दाखवा: ‘बघा भाऊ, तुमचं पुस्तक इथे येतच नाही.’ या दहा मिनिटांनी जे काम होतं ते पन्नास पानी माहितीपत्रकाने होत नाही.

कौशल्यनोंद

एका माणसाचं एक पान, आणि त्यावर टॅग, म्हणजे शोधासाठी लावलेली चिठ्ठी. बुकस्टॅकमध्ये टॅगला नाव आणि किंमत (व्हॅल्यू) दोन्ही देता येतात. नाव ‘आर्गन’, किंमत पातळी. मग शोधात चौकोनी कंसात ‘आर्गन’, मोठे-किंवा-समान चिन्ह आणि ३ असं लिहिलं की तिसऱ्या पातळीपासूनची माणसं समोर येतात. इथे एक बारकावा: किंमत इंग्रजी आकड्यांतच भरा. मराठी ३ ला यंत्र संख्या मानत नाही, अक्षर मानतं, आणि मोठे-लहान ठरवण्यात गोंधळ होतो.

पातळ्या चार पुरतात. १: शेजारी कोणी उभं असेल तर करतो. २: ओळखीचं काम एकटा करतो. ३: ड्रॉइंग पाहून नवं काम लावतो. ४: दुसऱ्याला शिकवतो. चौथी पातळी म्हणजे ‘सगळ्यात भारी हात’ असं समजू नका. उत्तम हात असलेला माणूस शिकवायला अगदीच निरुपयोगी असू शकतो. तसं असेल तर त्याला ३ द्या, त्यात कमीपणा नाही, हे त्याला नीट सांगा.

पातळी माणसाने स्वतः ठरवू नये, मालकानेही एकट्याने नाही. मालक आपल्या माणसाची पातळी दोन कारणांनी बदलतो: दुसऱ्याने नेऊ नये म्हणून कमी, किंवा आपलं युनिट मोठं दिसावं म्हणून जास्त. त्याच्याकडून कामाचा नमुना तुकडा करून घ्या, दोन युनिटच्या सुपरवायझरांनी पाहावा, फोटो पानावर ठेवावा. बस.

कौशल्यांची यादी लांब करू नका. पहिल्या फेरीत १२ ते १५: आर्गन, सीओटू (मिग वेल्डिंग), रॉड वेल्डिंग, गॅस कटिंग, खराद (लेथ), व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) सेटिंग, व्हीएमसी प्रोग्रॅमिंग, प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं यंत्र), ड्रॉइंग वाचन, हायड्रॉलिक दुरुस्ती, पॅनेल वायरिंग असं. ६० कौशल्यांचा तक्ता मोठ्या कंपनीत शोभतो. इथे तो कोणी भरणार नाही.

प्रमाणपत्र असलेल्या कौशल्याला दोन तारखा हव्यात: पात्रता कधी मिळाली आणि ते काम शेवटचं कधी केलं. कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांची किंवा प्रेशर व्हेसलची कामं घेणाऱ्यांना हे चांगलंच कळतं. एएसएमई सेक्शन ९ या वेल्डरच्या पात्रतेच्या अमेरिकी मानकाप्रमाणे वेल्डरने ती प्रक्रिया सलग ६ महिने वापरली नाही तर त्याची पात्रता संपते. नोंदीत ‘पात्र’ आहे आणि प्रत्यक्षात आठ महिने त्याने आर्गनचा टॉर्च हातात धरलेला नाही, असा माणूस कामावर पाठवला आणि तपासणी अधिकाऱ्याने सातत्याची नोंद मागितली, तर अख्खी जोडणी अडते. तेव्हा दर महिन्याच्या शेवटी ती तारीख सुपरवायझरने भरायची. हेच एक काम खरोखर नियमित लागतं.

माणूस पलीकडे मदतीला गेला तर तो आपल्या युनिटच्या कामावर असल्याचं पत्र आणि तारीख-वेळ लेखी ठेवा. अपघात झाल्यावर ‘तो आमच्याकडे सहज आला होता’ हे ईएसआयसीसमोर (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) कोणाच्याच कामाचं नसतं.

पान कसं लिहायचं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नवख्या कामगारांना पटकन शिकवण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालवला. त्यातला कामाची फोड करणारा तक्ता आजही तोडीस तोड आहे: मुख्य पायरी, त्यातली खुबी, आणि नंतरच्या काळात जोडलं गेलेलं त्या खुबीचं कारण. तिसरा रकाना लोक सोडतात आणि तोच खरा. कारण माहीत नसेल तर घाईच्या दिवशी खुबी पहिल्यांदा गळते.

नमुना पान: ‘पावसाळ्यात ७०१८ रॉड सुकवणे’.

पायरी: रॉड पाकिटातून काढून भट्टीत ठेवणे. खुबी: थर पातळ, पाकिटासकट नाही. कारण: ढीग ठेवला तर मधल्या रॉडपर्यंत उष्णता पोचत नाही.

पायरी: ३०० ते ३५० अंशांवर २ तास, बनवणाऱ्याने पाकिटावर वेगळं दिलं असेल तर ते. खुबी: वेळ भट्टी तापल्यावर मोजायची. कारण: या रॉडचं आवरण कमी हायड्रोजनचं असतं. ते ओलावा शोषतं, ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. छिद्रं लगेच दिसतात, तडा दिसत नाही.

पायरी: काढून १२० अंशांच्या होल्डिंग भट्टीत किंवा गरम डब्यात ठेवणे. खुबी: हातात तासाभराला लागतील तेवढेच घ्यायचे. कारण: एडब्ल्यूएस डी१.१ (अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं मानक) प्रमाणे साध्या ७०१८ ला उघड्यावर जास्तीत जास्त ४ तास, आणि पुन्हा सुकवणं एकदाच. दुसऱ्यांदा हवेतला ओलावा धरलेला रॉड फेकायचा.

शेवटी तीन ओळी: हे कुठे चालत नाही (६०१३ रॉडला एवढं तापमान देऊ नका, त्याचं आवरण बिघडतं), कोणाला विचारायचं, आणि पुन्हा कधी तपासायचं. तपासणीचा महिना टॅगमध्ये घाला. मग त्या महिन्याच्या टॅगने शोधलं की तपासायची पानं सापडतात.

एका पानात एकच काम. पान मोबाइलवर तीन पडद्यांपेक्षा लांब गेलं की फोडा. आणि कामगाराला टाइप करायला लावू नका. तो मोबाइलवर दोन मिनिटं बोलेल, संपादक ते उतरवेल, मग त्यालाच वाचून दाखवेल. बोलताना तो जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे ठेवा.

सापडलं पाहिजे

कोशात ‘वायर फीड अनियमित होणे’ असं शीर्षक असतं आणि शॉपवरचा माणूस शोधतो ‘वायर अटकून राहिली’. त्याला शून्य उत्तरं मिळतात. दुसऱ्यांदा तो येत नाही. म्हणून प्रत्येक पानाला शॉपवरच्या बोलीतले तीन-चार शब्द टॅग म्हणून जोडा: टिग, आर्गन, मिग, सीओटू, लेथ, खराद, इलेक्ट्रोड, रॉड, पोरोसिटी, ब्लोहोल, छिद्र.

बुकस्टॅकचा शोध शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतो. ‘वेल्ड’ लिहिलं तर वेल्डर आणि वेल्डिंग दोन्ही येतात, ‘रॉड’ लिहिलं तर रॉडला, रॉडचा हेही येतात. पण मराठीचं सामान्यरूप आडवं येतं. पानात सगळीकडे ‘पत्र्याला’, ‘पत्र्यावर’ असेल तर ‘पत्रा’ शोधून ते सापडणार नाही. पान्याचंही तसंच, डब्याचंही. उपाय सोपा: शीर्षकात शब्द मूळ रूपात आणा. ‘पत्र्याला बाक आल्यास’ नको, ‘पत्रा बाकतो: कारणं आणि उपाय’ असं लिहा.

आता डोळ्याला न दिसणारे घोळ. ‘ॲल्युमिनियम’मधलं पहिलं अक्षर तीन प्रकारे टाइप होतं: एकसंध ॲ, अ वर वेगळी चंद्राची खूण देऊन, आणि हिंदी कळफलकावरचा ऍ. पहिले दोन पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला ते वेगळे, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘पायऱ्या’मधल्या ऱ्य चीही तीच कथा, तो दोन प्रकारे तयार होतो. सगळ्या संपादकांनी एकच कळफलक वापरायचा हे ठरवा, आणि अशा शब्दांची दुसरी रूपं टॅगमध्ये टाका.

जुन्या फाइली कृतीदेव किंवा श्रीलिपीत असतील तर त्या तशाच चिकटवू नका. फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि शोधात त्यातलं काहीच येत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग रफार, पहिली वेलांटी आणि आकडे हाताने तपासा. रूपांतरात आकडा चुकला आणि ३५० चा ५० झाला तर पान नसलेलं बरं.

चाचणी अशी घ्या. वेगवेगळ्या युनिटांतल्या दहा जणांना एकेक अडचण सांगा, मोबाइल हातात द्या आणि काही न बोलता पाहा. काय टाइप केलं ते लिहून घ्या. दहातल्या सात जणांना एका मिनिटात पान सापडलं तर ठीक. न सापडलेले शब्द त्याच दिवशी टॅग करा.

बॅकअप

रोज रात्री डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत), आणि त्याच्यासोबत तीन गोष्टी: सार्वजनिक अपलोडचं फोल्डर, साठवणुकीतलं अपलोडचं फोल्डर, आणि सेटिंग फाइल. लोक फक्त डेटाबेस घेतात, मग पानं परत येतात पण फोटो नाहीत. सेटिंग फाइलमध्ये कूटकिल्ली असते, ती हरवली की दुहेरी पडताळणीसारख्या कूटबद्ध गोष्टी परत उघडत नाहीत. एक प्रत सर्व्हरबाहेर, दुसऱ्या कंपनीच्या जागेत.

तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहा. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर डम्प काढताना किंवा भरताना अक्षरसंच चुकला आहे. हे खऱ्या अडचणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पहिले दोन महिने

रिकामा कोश कोणाला दाखवू नका. आधी ३० पानं आणि ४० माणसांची नोंद तयार ठेवा, मग दार उघडा. कोणती ३० पानं? गेल्या वर्षभरात ज्या कारणांनी माल परत आला, त्यांची यादी प्रत्येक युनिटकडून मागवा. तिथेच विषय मिळतात. ‘आमच्याबद्दल’, ‘ध्येय आणि उद्दिष्टं’ ही पानं कोणी वाचत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू नका, ती लढाई हरायचीच. तिथे प्रश्न आला की संपादकाने उत्तराऐवजी पानाचा दुवा टाकायचा. पान नसेल तर ग्रुपमध्ये मिळालेलं उत्तर त्याच आठवड्यात पान करून दुवा परत टाकायचा. संपादकाला आठवड्याला तीन-चार तास यासाठी पगारी मिळाले पाहिजेत. ‘वेळ मिळेल तसं करू’ या बोलीवर दिलेलं काम दिवाळीच्या डिस्पॅचमध्ये वाहून जातं.

एकच युनिट लिहितंय आणि बाकीचे वाचताहेत असं दिसलं तर महिन्याच्या बैठकीत पानांची संख्या युनिटवार पडद्यावर दाखवा. काही बोलावं लागत नाही.

एखादं युनिट बाहेर पडलं तर

करारातली चौथी गोष्ट हीच. सामायिक कपाटातली पानं सामायिकच राहतील, आणि बंद पुस्तक व माणसांची पानं ज्याची त्याला परत, हे आधी ठरलेलं असावं. कृती या क्रमाने करा. बंद पुस्तक निर्यात करून त्यांच्या ताब्यात द्या. पोच घ्या. त्यांची सगळी खाती बंद करा, टॅबलेटचं वाचनखातंही, कारण तेच विसरलं जातं. मग पुस्तक आणि माणसांची पानं काढा. काढलेलं लगेच नाहीसं होत नाही, ते कचरापेटीत जातं आणि मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस तिथे राहतं. म्हणून कचरापेटी हाताने रिकामी करा. जुन्या बॅकअप प्रतींत ती माणसं अजून असतात, त्या प्रती किती दिवसांनी पुसल्या जातील ती तारीख त्या युनिटला लेखी कळवा. त्यांच्या सुपरवायझरचं नाव ‘कोणाला विचारायचं’ या ओळीत जिथे जिथे आहे ती पानं शोधून तिथे दुसरं नाव घाला.